शून्य गळतीची शाळा

संपादकबाईंचा फोन आला, "मॅडम, तुम्ही कोलकात्यात एकतीस वर्षं शाळेत काढलीत, आमच्या दिवाळी अंकासाठी शाळेतल्या गमतीजमती लिहा ना!" गमती आहेत, नाही असं नाही. एका पालकाने मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सहीऐवजी दुकानाचा शिक्का मारून पाठवला होता, तोही 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा. एक आजोबा दर शनिवारी येऊन नातीचं गणित कच्चं का, याचा जाब मला विचारायचे. सहा महिन्यांनी कळलं की नात आमच्या शाळेत नाहीच, पलीकडच्या शाळेत आहे. पण आत्ता माझ्या डोक्यात जे घोळतंय ते गमतीचं नाही, आणि साठीनंतर गोडगोड लिहायचा मला कंटाळा आलाय. तेव्हा संपादकबाई, माफ करा.

आधी शाळा कुठली ते सांगते. नाव सांगणार नाही. शहराच्या दक्षिणेकडच्या बेहाला या भागातली, सरकारी अनुदानावरची, हिंदी माध्यमाची, मुलींची. मी मूळची नागपूरची, हिंदीत एम.ए. नवऱ्याची बँकेतली बदली इथे तीन वर्षांसाठी झाली होती. मला ही नोकरी लागली, मग त्याने दोनदा बढती नाकारली आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. शिक्षिकेला इथे 'दीदी' म्हणतात. मुख्याध्यापिका झाले तेव्हा मी 'बडी दीदी' झाले. मुली इस्त्रीवाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या, लेथवर काम करणाऱ्यांच्या, बहुतेक बिहारहून आलेल्या घरांतल्या. घर म्हणजे एक खोली. दुपारचं गरम जेवण शाळेत. या मुलींना शाळा म्हणजे काय, ते न्यू टाउनच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्यांना सांगून कळणार नाही.

लोकांना वाटतं मुख्याध्यापिका शिकवते. अहो, कसलं शिकवते! ती याद्या करते. जेवणाची यादी, पुस्तकांची यादी, सायकलींची यादी, आणि सगळ्या याद्यांची आई म्हणजे हजेरीपट. मुलगी सलग महिनाभर आली नाही की तिचं नाव कापायचं, असा नियम. एकदा नाव कापलं की परत यायला प्रतिज्ञापत्र, पालकाची सही, वरची मंजुरी. आणि पुष्कळ घरांत तेवढ्याचीच वाट बघत असतात. "शाळेनेच काढलं, आता उरकून टाकू लग्न."

म्हणून मुख्याध्यापिका झाले त्या पहिल्याच बैठकीत मी बजावलं, आपल्या शाळेत नाव कापायचं नाही. मुलगी आली नाही तरी हजर मांडायची, आणि चौथ्या दिवशी वर्गशिक्षिकेने तिच्या घरी जायचं. खोटं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण चालायचं. एका मुलीला तर मी तिच्या साखरपुड्यातून उचलून आणलं होतं. पाहुण्यांनी मला मुलीकडची मावशी समजून चहा दिला, तोही मी प्यायले, आणि मग सांगितलं की सोमवारी हिचा भूगोलाचा पेपर आहे. ती मुलगी आज नर्स आहे. असल्या गोष्टी सांगताना माझी मान जरा ताठ होते, होऊ दे.

पुढे पुढे दीदींच्या मागे भलतीच कामं लागली. मतदारयादी, सर्वेक्षण, अमुक मोहीम, तमुक पंधरवडा. घरी जायला वेळ कुठला? जाणं मागे पडत गेलं आणि हजर मांडणं तेवढं राहिलं, कारण ते सोपं होतं. हे मला दिसत होतं. मी डोळेझाक केली. शाळेचे आकडे छान दिसत होते ना!

मग ती निवडणूक आली. बंगालमध्ये निवडणूक म्हणजे बाहेरून केंद्रीय दलाच्या तुकड्या येतात, आणि त्यांना राहायला दुसरं काही सापडत नाही, शाळाच सापडतात. मला पत्र आलं की इमारत द्या. पत्रात शेवटी एक वाक्य होतं, 'विद्यार्थ्यांच्या शिक्षणात खंड पडू नये याची दक्षता मुख्याध्यापकांनी घ्यावी.' कपाळ माझं! वर्ग तुम्ही घ्या, बाकं तुम्ही घ्या, स्वयंपाकघर तुम्ही घ्या, आणि खंड पडू नये म्हणून मी काय करू, झाडाखाली फळा टांगू? तिथे झाडही नाही, एक ट्रान्सफॉर्मर आहे.

जवानांना मी दोष देणार नाही. त्यांचा हवालदार साताऱ्याकडचा निघाला. मी घोषबाबूंना, म्हणजे आमच्या कारकुनांना, मराठीत पुटपुटून शिव्या घालत होते ते त्याने ऐकलं आणि एकदम म्हणाला, "ताई, आम्हालाबी पटत न्हाई हो हे. माझी पोरगी नववीत हाय. तिच्या वर्गात जर कुनी असं बूट वाळत घातलं असतं तर मीच भांडलो असतो." नववीच्या बाकांवर खरोखरच बुटांची रांग होती. त्या माणसाने प्रयोगशाळेच्या दारावर स्वतः दोरी बांधून तिथे कुणाला जाऊ दिलं नाही. माणसं चांगलीच होती. हुकूम सोडणारे भेटत नाहीत, चांगली माणसं तेवढी भेटतात, त्यामुळे भांडायचं कुणाशी हाच प्रश्न.

जागा शोधायला मी वणवण फिरले. शेवटी पाड्यातल्या क्लबने हॉल दिला. पाडा म्हणजे मोहल्ला, आणि क्लब म्हणजे तिथल्या तरुण मंडळींचा अड्डा. कॅरम, दुर्गापूजा, रक्तदान, आणि राजकारण. कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून आम्ही तिथे नववी-दहावीचे वर्ग सुरू केले. धाकट्या मुलींना सुट्टीच देऊन टाकली. दुपारचं जेवण बंद. क्लबच्या सेक्रेटरीला मी हात जोडून धन्यवाद दिले. दारावर कोणाचा झेंडा लावलाय, हे मी पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही. निवडणुकीच्या दिवसांत बेहालात कुठल्या ना कुठल्या झेंड्याखालीच उभं राहावं लागतं.

ही तुकडी निकालानंतरही थांबली, कारण निकालानंतर मारामाऱ्या होतात. मग उन्हाळ्याची सुट्टी लवकर जाहीर झाली. सगळं मिळून अकरा आठवडे गेले. शाळा परत मिळाली तेव्हा नववीची वर्गशिक्षिका मौसमी मला म्हणाली, "दीदी, पाच मुली येत नाहीयेत." मी विचारलं, हजेरी? ती म्हणाली, "मांडलीय, नेहमीसारखी." मी बरं म्हटलं. घरी जाऊन आलीस का, हे विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात शिक्षण कार्यालयात मुख्याध्यापकांची बैठक होती. माझ्या डोक्यात तिडीक गेलेलीच होती. मी उभी राहिले आणि बोलले. म्हटलं, अकरा आठवडे तुम्ही शाळेची छावणी केलीत, मुलींचं जेवण तोडलंत, मुली गळल्या त्याचं काय? बाकीचे मुख्याध्यापक टेबलाखालून टाळ्या वाजवल्यासारखे माझ्याकडे बघत होते. समोरचे साहेब तरुण, अतिशय सभ्य. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मॅडम, तुमच्या शाळेची गळती शून्य आहे. त्या काळात तर नववीची उपस्थिती वाढलेली दिसते." आणि मग सगळ्यांना उद्देशून, "या मॅडमनी क्लबमध्ये वर्ग चालवून दाखवले. इच्छा असली की होतं." लोकांनी आता खरोखरच टाळ्या वाजवल्या. मी थोबाडीत बसल्यासारखी खाली बसले. पुरावा माझ्याच सहीचा होता, आणि तो माझ्याविरुद्ध होता.

घरी येऊन मी नवऱ्यावर, घोषबाबूंवर, सरकारवर, सगळ्यांवर आगपाखड केली. स्वतःवर मात्र नाही. तेवढी अक्कल तेव्हा आली नव्हती.

ती आणली ज्योतीने. ज्योती साव. त्या पाच जणींतली एक. इस्त्रीवाल्याची मुलगी, पंधरा वर्षांची, गणितात हुशार आणि बोलायला फटकळ, म्हणून माझी जरा लाडकी. तिचा फोन आला बिहारमधल्या गावाकडून. नमस्कार-चमत्कार काही नाही. "बडी दीदी, मेरा नाम काट दीजिए."

मी म्हटलं, काय बोलतेस? मग तिने सगळं सांगितलं. मतदानाच्या तीन आठवडे आधी तिच्या बापाच्या टपरीच्या बांबूला कुणीतरी एका पक्षाचा झेंडा बांधला. याने काढला नाही, कारण काढला तर ते मारणार. दुसऱ्या पक्षाची पोरं आली, कारण ठेवला तर हे मारणार. टपरी मोडली, गल्लीत गावठी बॉम्ब फुटला, शेजारच्या माणसाचा पाय भाजला. ती पोरं त्याच क्लबातली. आणि मी वर्ग भरवले होते त्यांच्या हॉलमध्ये! "मी कशी येणार होते तिथे, दीदी?" ती म्हणाली. मतदान झालं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब गाडीत बसून गावाला निघून गेलं.

गावाच्या हायस्कुलात तिने स्वतः जाऊन सांगितलं, मला नववीत घ्या. तिथल्या सरांनी बसू दिलं वर्गात. पण बोर्डाच्या नोंदणीची वेळ आली तेव्हा सगळ्या शाळांची हजेरी जिथे चढते त्या सरकारी संगणकावर तिचा विद्यार्थी नंबर घातला, तर उत्तर आलं की ही मुलगी कोलकात्यात शिकतेय, कालही हजर होती. एक मुलगी दोन शाळांत कशी? जुन्या शाळेने सोडल्याशिवाय नवी शाळा घेऊ शकत नाही. नोंदणीला चार दिवस उरले होते. नोंदणी हुकली की वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर बापाने सांगून ठेवलं होतं, एक स्थळ आलंय, मग घरी बसून करायचं काय?

मी घोषबाबूंना बोलावलं. म्हटलं, दाखला तयार करा. ते म्हणाले, "आजची तारीख घालतो दीदी, पाच मिनिटांचं काम." पण आजची तारीख चालणार नव्हती. त्या शाळेचे प्रवेश मागच्या महिन्यात बंद झाले होते. ज्योतीने त्याआधी आमची शाळा सोडली असेल तरच तिची नोंदणी होणार होती. तिने सोडली होतीच, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. फक्त हजेरीपटात ती त्यानंतरही, सुट्टी सोडून, दोन महिने रोज येत होती. खरी तारीख घालायची तर ही दोन महिन्यांची हजेरी खोटी आहे, असं मला लिहून, सही करून द्यावं लागणार होतं.

निवृत्तीला चार महिने राहिले होते. खोटी हजेरी म्हणजे चौकशी, आणि चौकशी म्हणजे पेन्शनचे कागद अडकले. आता खरं सांगते, ते लिहायला लाज वाटते तरी सांगते. मी दोन दिवस काहीच केलं नाही. चारातले दोन. देवपूजा केली, कपाट आवरलं, मुलीला पुण्याला फोन करून लोणच्याची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, "अगं, काय चाललंय तुझं? थांबवतील पेन्शन तर थांबवू देत. माझं आहे ना. त्या पोरीला दुसरं काय आहे?" माणूस आयुष्यभर बँकेत आकडेच बघत आला, पण नेमक्या वेळी बोलला.

पत्र लिहून मी त्याच सभ्य साहेबांकडे गेले, कारण मागच्या तारखेची दुरुस्ती फक्त त्यांच्याच संगणकावर होते. त्यांनी पत्र वाचलं आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, निवृत्तीला किती दिवस?"

"चार महिने."

"मग कशाला हे? आजच्या तारखेने सोडा ना तिला."

"आजच्या तारखेने तिचं वर्ष जातं."

"एका मुलीसाठी सगळ्या विभागाचा शून्य जाईल. वर कळवून झालंय. मला विचारतील."

मी म्हटलं, विचारू देत की! एकदा तरी कुणी काहीतरी विचारू दे. माझा आवाज चढला, बाहेरचे लोक दार ढकलून डोकावायला लागले. मी म्हटलं, साहेब, एका मुलीसाठी नाही, पाच मुलींसाठी, पत्र पुन्हा वाचा, पाचही नावं लिहिली आहेत. आणि दुरुस्ती होईपर्यंत मी या खुर्चीतून हलणार नाही. डबा आणलाय.

डबा खरंच आणला होता. पोळी-भाजी. त्यांनी तो बघितला आणि त्यांनी हात टेकले. पंगा घ्यावा तो डबा घेऊन, हे मी नव्या मुख्याध्यापिकांना आवर्जून सांगते.

संगणकावर ज्योतीचं पान उघडलं. शाळा सोडण्याचं कारण निवडा, म्हणून यादी आली. स्थलांतर. विवाह. घरकाम. आजारपण. शिक्षणात रस नाही. इतर. मी ती यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. म्हटलं, गल्लीत बॉम्ब फुटला, हे कुठे आहे? शाळेत छावणी होती, हे कुठे आहे? साहेब म्हणाले, "तसा पर्याय नसतो, मॅडम. स्थलांतर घाला." म्हणजे बघा! पोरीच्या गल्लीत बॉम्ब फोडायचा, वर्गात बूट वाळत घालायचे, आणि ती पळाली की लिहायचं स्थलांतर, जशी काही ती थंड हवेला गेली. आणि मग या याद्यांवरून दिल्लीत कुणीतरी अहवाल लिहिणार की मुलींना शिक्षणात रस नाही, त्यांच्यासाठी जागृतीची गाणी करा. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. मी 'इतर' घातलं. खाली लिहायला जागा नव्हती.

दाखल्याचा फोटो शेवटच्या दिवशी दुपारी गावाला पोचला आणि ज्योतीची नोंदणी झाली. मला रीतसर नोटीस आली, चौकशी बसली, आणि ती अजून बसलेलीच आहे. पेन्शन तात्पुरतं मिळतं. दर महिन्याला मी कार्यालयात जाते आणि माझी फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारून येते. छावणी देण्याच्या पत्रावर ज्याची सही होती त्याची चौकशी झाली नाही. टपरी मोडणाऱ्यांची झाली नाही. झाली ती हजर मांडणाऱ्या बाईची. खरं तर व्हायलाच हवी होती, पण मी एकटीच त्या रांगेत कशी काय, हे मला कुणी समजावून द्यावं.

बाकीच्या चौघींना मी शोधलं. दोघींचे फोन बंद. तिसरीचं लग्न झालं होतं, तिच्या आईने मला पेढा दिला. चौथी न्यू टाउनमध्ये एका घरी मूल सांभाळते, तिथली बाई म्हणाली, ती कामात आहे, रविवारी या. रविवारी गेले तर तिला बाहेर पाठवलं नाही.

गेल्या महिन्यात ज्योती बापाबरोबर कोलकात्यात आली होती. दहावी पास झाली, चांगल्या गुणांनी. तिच्या आईने केलेला ठेकुआ, म्हणजे त्यांच्याकडचा तळलेला गोड पदार्थ, घेऊन माझ्या घरी आली. उंच झालीय. नवऱ्याने तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी करायला घेतली, कारण त्याला तेवढंच येतं. मी खुशीत होते. तिला म्हटलं, तुझ्यासाठी मी त्या साहेबांशी कशी भांडले माहीत आहे का? आणि सगळी कथा सांगितली, डब्यासकट. ती हसली. मग म्हणाली, "दीदी, एक विचारू? टपरी मोडल्यावर आम्ही तीन आठवडे इथेच होतो. बाबा घराबाहेर पडू देत नव्हते. मी रोज वाट बघायचे. सगळ्या मुली सांगायच्या, तीन दिवस गेलं नाही की चौथ्या दिवशी दीदी घरी येते. बाबांना कुणी समजावलं असतं तर मी राहिले असते, माझी मावशी इथे आहे ना."

मी म्हटलं, चुकलंच आमचं. कुणी आलं नाही.

"आल्या होत्या ना," ती म्हणाली. "मौसमी दीदी आल्या होत्या. मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला. दारात उभं राहून बाबांची सही घेतली, आईची घेतली. मी आतून पुढे आले, म्हटलं, दीदी, मी पण आहे. त्या म्हणाल्या, बेटा, तुझं नाव या यादीत नाही, मला अजून चाळीस घरं करायची आहेत, शाळा उघडली की बोलू."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हे जास्त लागलं. ती गेल्यावर मी मौसमीला फोन लावला आणि एक रिंग वाजताच ठेवून दिला. तिला ओरडायला मला तोंड नव्हतं. त्या चाळीस घरांसाठी तिला वर्गातून मोकळं करण्याच्या पत्रावर मीच सही केली होती.